रवा, व्हायोलिनची फळी आणि माझा खोटा ऑक्टेव्ह: टोन जनरेटर निवडायचा कसा?

(आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त थोडी साफसफाई केली आहे.)

आजचा विषय ऐकल्यावर निम्मे लोक म्हणतील, हे आपल्या काय कामाचं? टोन जनरेटर. म्हणजे फोनवर किंवा लॅपटॉपवर चालणारं असं सॉफ्टवेअर, ज्याला तुम्ही १७० हर्ट्झ सांगितलं की ते १७० हर्ट्झचा एकच सूर वाजवत बसतं. बास, एवढंच. स्टोअरमध्ये असली शेकडो ॲप्स पडलेली आहेत, फुकट.

पण या फुकटच्या ॲपमुळे मी एका माणसाची दोन महिन्यांची मेहनत जवळजवळ वाया घालवली होती. तर आज ती गोष्ट, आणि तिच्यातून टोन जनरेटर निवडण्याबद्दल मला जे कळलं ते.

काका आणि फळी

आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये एक काका राहतात. रिटायर झाल्यावर त्यांनी व्हायोलिन बनवायचा छंद घेतला. वाजवायचा नाही, बनवायचा. व्हायोलिनची पुढची फळी असते स्प्रूस लाकडाची, मागची मेपलची. दोन्ही जाड लाकडातून हळूहळू कोरून काढायच्या. शेवटी फळी काही ठिकाणी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर उरते. जास्त जाड राहिली तर आवाज दबतो, जास्त पातळ झाली तर फळी कामातून गेली. आणि काढलेलं लाकूड परत चिकटत नाही. आपल्याकडे कोडमध्ये अनडू असतं, तसं तिथं काही नाही.

मग थांबायचं कुठं, हे कसं कळणार? जुने कारागीर फळी दोन बोटांत धरून टिचकी मारतात आणि ऐकतात. दुसरा मार्ग प्रयोगशाळेतून आला. १७८७ मध्ये अर्न्स्ट क्लाडनी नावाच्या जर्मन माणसानं एक पुस्तक काढलं. त्यात त्यानं दाखवलं, की धातूच्या पत्र्यावर वाळू पसरली आणि कडेला व्हायोलिनचा गज घासला, तर वाळू सरकत सरकत ठरावीक रेषांवर गोळा होते. पत्रा जिथं थरथरतो तिथून वाळू पळते, जिथं स्थिर असतो तिथं बसते. प्रत्येक कंपनाची आकृती वेगळी.

हे आपल्याकडेही झालेलं आहे बरं का. सी. व्ही. रामन आपल्याला प्रकाशासाठी माहीत आहेत, पण त्यांनी तबला आणि मृदंगावरही काम केलं. १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्याबरोबर त्यांचा लेख 'नेचर'मध्ये आला होता. पुढे त्यांनी चामड्यावर बारीक वाळू टाकून आकृत्या पाहिल्या आणि शाईमुळे तबल्याचे सूर एकमेकांशी कसे जुळतात ते दाखवलं.

व्हायोलिनच्या फळ्यांसाठी ही पद्धत लोकप्रिय केली अमेरिकेतल्या कार्लीन हचिन्स यांनी. मूळच्या शाळेतल्या शिक्षिका. १९८१ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांचा मोठा लेख आला. त्यात तीन कंपनांना महत्त्व आहे: मोड एक, मोड दोन आणि मोड पाच. मोड दोनची आकृती साधारण इंग्रजी एक्ससारखी, मोड पाचची बंद कड्यासारखी, गोल. त्यांचं म्हणणं असं, की चांगल्या फळीत मोड पाच हा मोड दोनच्या दुप्पट असावा. म्हणजे बरोबर एक ऑक्टेव्ह वर. आपल्या भाषेत, खालचा सा आणि वरचा सा.

सगळे कारागीर हे मानतात असं नाही. नुसत्या या आकड्यांवर व्हायोलिन चांगलं होत नाही, हेही खरं. पण काकांनी ते मनावर घेतलं होतं. मला म्हणाले, "अरे, तू सॉफ्टवेअरवाला ना? मला ती फ्रिक्वेन्सी वाजवणारं काहीतरी दे लावून."

मी म्हटलं, "काका, दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचं काम

स्टोअरमधून सगळ्यात जास्त स्टार असलेलं ॲप घेतलं. फोन ब्लूटूथ स्पीकरला जोडला, तो हाताच्या पंजाएवढा असतो ना, तोच. स्पीकर आडवा, तोंड वर. त्याच्यावर चार फोमच्या तुकड्यांवर फळी. फळीवर रवा.

हो, रवा. परदेशात लोक चहाची पूड किंवा चमकी वापरतात, आम्ही किचनमधून रवा आणला. एक टीप देतो: मैदा किंवा टाल्कम पावडर घेऊ नका. फार बारीक पूड हवेच्या झोताबरोबर फिरते आणि नेमकी उलट जागी, म्हणजे जास्त थरथरणाऱ्या भागावर जमते. हे मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्येच सांगून ठेवलंय.

फ्रिक्वेन्सी वाढवत गेलो. ३४८ हर्ट्झला रव्यानं सुंदर गोल कडं केलं. मोड पाच मिळाला. मोड दोन मात्र काही केल्या नीट दिसेना. तो खालच्या पट्टीत असतो आणि तिथं एवढ्याशा स्पीकरचा जीवच नाही. मग मी आवाज फुल केला. १७४ ला रवा एकदम उड्या मारायला लागला. आकृती जरा विचित्र होती, अर्धवट फुली, अर्धवट गोल. पण आकडा बघा ना: १७४ गुणिले २, बरोबर ३४८!

मी तर खूशच. काकांनी फळी उचलली, टिचकी मारली, कान लावला. म्हणाले, "कानाला नाही रे वाटत ऑक्टेव्ह. वरचा सा लागायच्या ऐवजी कोमल रेच्याही पुढे जातोय."

आणि मी काय म्हणालो असेन? "काका, मशीन खोटं बोलत नाही."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. सरस गरम केला आणि फळी चिकटवून टाकली.

कायम पास होणारी टेस्ट

पुढच्या आठवड्यात मागची, मेपलची फळी घेतली. वेगळं लाकूड, वेगळी जाडी. मोड पाच मिळाला ३६२ ला. मोड दोन? १८१. परत बरोबर ऑक्टेव्ह, एका हर्ट्झचाही फरक नाही.

इथं मात्र माझ्या पोटात गोळा आला. कारण कामावर असं काही दिसलं की आपण काय म्हणतो? सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत, म्हणजे कोड बरोबर आहे, किंवा टेस्ट काहीच तपासत नाहीये. जी टेस्ट कधी फेल होऊच शकत नाही ती टेस्ट नसते.

मी काकांना म्हटलं, "तुमच्याकडे एखादी बिघडलेली फळी आहे का?" माळ्यावर एक होती, पहिल्या प्रयत्नातली, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. ती ठेवली. तिनंही बरोबर ऑक्टेव्ह दिला.

म्हणजे ऑक्टेव्ह फळीत नव्हताच. तो स्पीकरमध्ये होता.

काय होत होतं ते नीट सांगतो, कारण आजच्या भागाचा गाभा हाच आहे. छोट्या स्पीकरला त्याच्या ताकदीबाहेरचा खालचा सूर फुल आवाजात वाजवायला लावला, की तो शुद्ध सूर देत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट फ्रिक्वेन्सीचे सूरही आपल्या पदरचे घालतो. याला हार्मोनिक डिस्टॉर्शन म्हणतात. मी मागितले १७४, त्यानं १७४ बरोबर ३४८ पण वाजवले. आणि ३४८ ला फळीचा मोड पाच तयारच बसलेला! त्यामुळे रवा नाचत होता तो मोड दोनमुळे नाही, मोड पाचमुळेच. मोड पाचच्या बरोबर निम्म्यावर असं होणारच, कुठल्याही फळीला.

मग लॅपटॉपचा माइक स्पीकरसमोर धरून १७४ चा सूर रेकॉर्ड केला आणि स्पेक्ट्रम पाहिला. ३४८ ची रेघ १७४ पेक्षा फक्त ८ डेसिबल खाली. म्हणजे मूळ सुराच्या साधारण ४० टक्के एवढा भेसळीचा सूर.

मग सॉफ्टवेअरमध्ये काय बघायचं?

आता तुम्ही म्हणाल, अरे मग चूक स्पीकरची, सॉफ्टवेअरचा काय दोष? बरोबर आहे. पण सॉफ्टवेअर निवडताना मी फक्त "वाजवतं का" एवढंच बघितलं. "खोटं पकडायला मदत करतं का" हे बघितलंच नाही. त्यानंतर बरीच ॲप्स आणि प्रोग्रॅम चाळून बघितले, एक स्वतःही लिहिला. त्यावरून माझी यादी अशी.

पहिली गोष्ट, शुद्ध साइन वेव्ह. स्क्वेअर, सॉटूथ असले बाकीचे आकार गिटारच्या इफेक्टसाठी ठीक. त्यांच्यात हार्मोनिक मुळातच असतात, त्यामुळे फळीसाठी ते बाद. काही ॲप उघडल्यावर आधीचाच आकार निवडलेला राहतो, तेवढं तपासा.

दुसरी, फ्रिक्वेन्सी टाइप करता आली पाहिजे आणि अर्ध्या किंवा एक हर्ट्झच्या पायरीनं हलवता आली पाहिजे. नुसता बोटानं फिरवायचा गोल चक्का असेल तर ३४८ वर थांबायला जाल आणि ३५५ ला पोचाल. पॉइंटनंतर तीन आकडे दाखवणाऱ्या ॲपला भुलू नका. फोनच्या आतलं घड्याळ या कामासाठी हवं त्यापेक्षा कितीतरी अचूक असतं. चूक तिथं नसते.

तिसरी, फ्रिक्वेन्सी बदलताना टक्-टक् असा आवाज येता कामा नये. हे का होतं? साधा प्रोग्रॅम नवीन फ्रिक्वेन्सी आली की लाट मध्येच तोडून नव्या जागेवरून सुरू करतो. ती तुटलेली लाट म्हणजे स्पीकरला बसलेली टिचकी. टिचकीत सगळ्या फ्रिक्वेन्सी असतात, म्हणून रवा उगाच उडतो आणि जमलेली आकृती मोडते. चांगला प्रोग्रॅम लाट जिथं आहे तिथूनच पुढे नेतो.

चौथी, बराच वेळ चालवून बघा. मी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये इथंच माती खाल्ली. सॅम्पलचा काउंटर ३२ बिटच्या फ्लोटमध्ये ठेवला होता. फ्लोटला १,६७,७७,२१६ च्या पुढे एकेक मोजता येत नाही. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल म्हणजे ६ मिनिटं २० सेकंदांत तो आकडा गाठला जातो. तिथून पुढे सूर बिघडला. आणि फळीची टेस्ट तेवढा वेळ सहज चालते. ६० ते ४०० हर्ट्झ सेकंदाला एक हर्ट्झ या वेगानं गेलात तरी ५ मिनिटं ४० सेकंद लागतात.

त्याच वेगावरून पाचवी गोष्ट: स्वीपचा वेग तुमच्या हातात पाहिजे. यूट्यूबवर २० हर्ट्झपासून २० हजारपर्यंत एका मिनिटात नेणारे व्हिडिओ आहेत. हेडफोन तपासायला मजा येते, पण फळीसाठी उपयोग शून्य. रव्याला सरकून रेषेवर बसायला वेळ लागतो, तोपर्यंत सूर पुढे निघून गेलेला असतो.

सहावी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: त्याच सॉफ्टवेअरमध्ये किंवा शेजारी दुसऱ्यात स्पेक्ट्रम बघायची सोय हवी. जे वाजतंय ते ऐकून, मोजून बघता आलं पाहिजे.

नावं घेऊन सांगतो

फक्त फोन असेल तर फायफॉक्स. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनलेलं, फुकट, जाहिराती नाहीत. टोन जनरेटर आहे आणि ऑडिओ स्पेक्ट्रमही आहे. एका फोनवर सूर वाजवा, मित्राच्या फोनवर स्पेक्ट्रम बघा.

लॅपटॉप असेल तर रूम ईक्यू विझार्ड, लोक आरईडब्ल्यू म्हणतात. मूळ काम खोलीचा आवाज मोजायचं, पण आपल्याला हवं ते सगळं त्यात आहे. सूर चालू असताना फ्रिक्वेन्सी बदलता येते, शेजारच्या खिडकीत हार्मोनिक दिसतात, डिस्टॉर्शनचा टक्काही दिसतो. स्क्रीन पहिल्यांदा बघितल्यावर घाबरायला होतं, पण जनरेटर आणि आरटीए एवढ्या दोनच खिडक्या उघडा.

ऑडॅसिटी बऱ्याच जणांकडे आधीच असतं. त्यात टोन तयार करता येतो, पण तो आधी बनवून मग वाजवायचा. वाजता वाजता फ्रिक्वेन्सी हलवता येत नाही, म्हणून आकृती शोधायला अडचणीचं. रेकॉर्ड करून स्पेक्ट्रम बघायला मात्र उत्तम. तिथं साइज मोठा निवडा. ४,०९६ ठेवलात तर दोन शेजारच्या रेघांमध्ये जवळपास ११ हर्ट्झचं अंतर पडतं. ६५,५३६ ठेवलात तर पाऊण हर्ट्झपेक्षाही कमी.

आणि कुठलंही घेतलंत तरी सुरू करण्याआधी ही चार कामं करा. एक, फोनमधलं इक्वलायझर, डॉल्बी, बास बूस्ट सगळं बंद. दोन, ब्लूटूथ ऐवजी वायर आणि शक्य तेवढा मोठा स्पीकर. जुन्या म्युझिक सिस्टिमचा आठ इंची मिळाला तर सोनं. तीन, फळी बाजूला काढून मोकळ्या स्पीकरचा आवाज माइकनं मोजा. दुप्पट फ्रिक्वेन्सीची रेघ ४० डेसिबल खाली असेल, म्हणजे मूळ सुराच्या शंभराव्या भागाएवढी, तर पुढे जा. नसेल तर आवाज कमी करा आणि परत मोजा. चार, कानात बोळे घाला. अर्धा तास एकच सूर मोठ्यानं ऐकणं कानाला बरं नाही. शेजाऱ्यांना बोळे देता येत नाहीत, म्हणून दुपारी दोन ते चार ही वेळ टाळा. पुण्यात राहतो मी, समजून घ्या.

टिचकी

शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

जनरेटर न वापरता तोच आकडा काढायचा एक मार्ग आहे. फळी आकृतीतल्या स्थिर रेषेवर दोन बोटांत धरायची, जास्त थरथरणाऱ्या जागी टिचकी मारायची, माइकनं रेकॉर्ड करायचं आणि स्पेक्ट्रम बघायचा. जनरेटरचा आकडा आणि टिचकीचा आकडा दोन-तीन हर्ट्झच्या आत जुळला, तर विश्वास ठेवा. नाही जुळला तर लाकडाला हत्यार लावू नका.

माळ्यावरच्या फळीनंतर आम्ही मेपलची फळी टिचकीनं तपासली, आकडा लगेच वेगळा आला. पण स्प्रूसची चिकटलेली होती. चिकटवलेल्या फळीचे सुटे मोड मोजता येत नाहीत. मी काकांना सगळं सांगितलं. सांगताना मान वर करवत नव्हती.

काका काही बोलले नाहीत. पातळ सुरी घेतली आणि कडेनं हळूहळू सरस उचकटायला लागले. व्हायोलिनला सरस वापरतात तो यासाठीच, पुढेमागे दुरुस्तीला उघडता यावं म्हणून. तरी एका कोपऱ्यात बारीकशी ढलपी निघालीच. ती त्यांनी जपून कागदात ठेवली आणि नंतर परत बसवली. जवळून बघितलंत तर आजही तिथं रेघ दिसते.

आठ इंची स्पीकर, कमी आवाज, वायर. १६१ ला रव्यानं स्वच्छ फुली काढली. मोड पाच ३४८ लाच होता. ३४८ भागिले १६१ म्हणजे २.१६. ऑक्टेव्हच्या वर, कोमल रेच्याही थोडं पुढे. काकांच्या कानानं पहिल्याच दिवशी हेच सांगितलं होतं.

मग त्यांनी कुठून किती लाकूड काढलं हा त्यांचा विषय, त्यातलं मला कळत नाही. शेवटचे आकडे होते १५९ आणि ३२६. गुणोत्तर २.०५. मी म्हटलं, "काका, अजून थोडं काढलं तर बरोबर दोन होईल." त्यांनी फळी उचलली, टिचकी मारली, ऐकलं आणि खाली ठेवली. "पुरे," म्हणाले. या वेळी मी काही बोललो नाही.

तर मंडळी, टोन जनरेटर कुठलाही घ्या. फक्त तो जे वाजवतो ते मोजून बघा, आणि समोरच्या माणसाचा कान वेगळं सांगत असेल तर त्यालाही एक बग रिपोर्ट समजा. बंद करायच्या आधी एकदा तपासा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत रवा किचनमध्ये परत ठेवून द्या.